शाल नको, दोन वर्षं द्या

१९४० च्या सुमारास सोलापूरच्या एका गृहस्थांना आपल्या पैशाचं काय करावं, हा प्रश्न पडला. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे त्यांचं नाव. संसारातून मन निघालेलं, गाठीला सचोटीने मिळवलेली पुंजी. अशा वेळी माणूस सहसा धर्मशाळा बांधतो, नाहीतर मंदिराला कळस चढवतो. दोशी आधी प्रवासाला निघाले. देशभरच्या जैन विद्वानांना गाठून कोणतं काम व्हायला हवंय हे विचारलं, तोंडी आणि लेखी मतं गोळा केली, आणि १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्री त्या मंडळींची बैठक बोलावली. त्या चर्चेतून जैन संस्कृति संरक्षक संघ उभा राहिला. सुरुवातीला त्यांनी ३० हजार रुपये दिले. १९४४ मध्ये उरलेली सुमारे दोन लाखांची सगळी मालमत्ता ट्रस्टच्या स्वाधीन केली आणि मोकळे झाले.

त्या पैशातून जीवराज जैन ग्रंथमाला निघाली. संपादक होते आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन. दोघेही प्राकृताचे मोठे पंडित, दोघेही सोलापूरचे नव्हेत. मालेतला पहिलाच ग्रंथ ‘तिलोयपण्णत्ती’. जैन परंपरेतली विश्वरचना, भूगोल आणि गणित सांगणारा हा प्राकृत ग्रंथ. मंगळवार पेठेत त्याला एक गिऱ्हाईक मिळालं नसतं. पहिला भाग १९४३ मध्ये आला, दुसरा १९५१ मध्ये. मध्ये आठ वर्षं गेली. आज भारतीय विद्येचा अभ्यास जिथे जिथे चालतो, तिथल्या ग्रंथालयांत सोलापूरचं नाव छापलेली ही पुस्तकं आहेत.

हे सगळं सांगायचं कारण असं, की सोलापुरात फाउंडेशनांची टंचाई नाही. साखर कारखाना, पतसंस्था, रुग्णालय, शिक्षणसंस्था, कुणाच्या तरी कैलासवासी वडिलांचं नाव, प्रत्येकामागे एक फाउंडेशन असतं. निवडणूक जवळ आली की त्यांना पालवी फुटते, तेही आपण पाहतो. बहुतेकांच्या उद्दिष्टांत कला, संस्कृती आणि नेतृत्वविकास हे शब्द असतातच. प्रत्यक्षात कला म्हणजे एक संध्याकाळ, पुरस्कार, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. नेतृत्व म्हणजे हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर, शेवटी प्रमाणपत्र आणि सगळ्यांचा एक फोटो. माझं म्हणणं एवढंच आहे, की या शहरात कलेला आणि नेतृत्वाला खासगी पैसा द्यायचा असेल तर तो माणसाच्या वेळेसाठी द्यावा, कार्यक्रमासाठी नव्हे. आणि एकदा दिला की त्यातून हात काढून घ्यावा.

कार्यक्रमांना मी नावं ठेवत नाही. प्रिसिजन फाउंडेशनच्या गप्पा आणि संगीत महोत्सवासारख्या उपक्रमांनी या शहराला बसून ऐकायची सवय लावली, आणि ती सहज लागत नाही. हुतात्मा स्मृती मंदिराचं सभागृह भरतं, लोक मोबाईल बंद करून ऐकतात, हे कमी नाही. पण श्रोता घडवणं आणि गाणारा घडवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं केलं की दुसरं आपोआप होतं असा आपला समज झालाय. पुण्या-मुंबईचा कलावंत येतो, रात्री गातो, पहाटे उठून ‘वंदे भारत’ पकडतो. त्याच रात्री पुढच्या रांगेत बसून ताल धरणारा इथला तबलजी दुसऱ्या दिवशी मोबाईलच्या दुकानात उभा असतो.

सरकार कलावंताला काही देत नाही, असंही नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मानधन योजना आहे, महिन्याला पाच हजार रुपये मिळतात. पण तिची पायरी चढायला पन्नाशी गाठावी लागते. शहाणपणाचीच गोष्ट आहे ती; आयुष्यभर भारुड करून, गोंधळ घालून, शाहिरी करून थकलेल्या माणसाला म्हातारपणी आधार हवाच. मात्र याचा दुसरा अर्थ असा, की कलावंत पन्नाशीपर्यंत टिकला तर सरकार त्याला ओळखतं. टिकायचं कसं, ते त्याचं त्याने बघायचं.

खरी गळती बावीस ते पस्तीस या वयात होते. राज्य नाट्य स्पर्धेच्या सोलापूर केंद्रावर नाटक करणाऱ्या कुठल्याही संस्थेत डोकावून बघा. तालीम रात्री साडेआठनंतर, कारण सगळे नोकरीवरून येतात. जागा म्हणजे कुणाच्या तरी ओळखीने मिळालेला शाळेचा वर्ग, आणि परीक्षा आल्या की तोही जातो. मग ‘तालीम कुठं करलालाव?’ या प्रश्नाचं उत्तर ‘गच्चीवर’ असं येतं. नेपथ्याचे पैसे वर्गणीतून. नायिकेचं लग्न ठरलं की नाटक बदलतं. अशा परिस्थितीतही नाटकं होतात, चांगली होतात, याचं कौतुक करून आपण थांबतो. हा मुलगा दिवसाचे नऊ तास दुसरं काही करत असतो म्हणून त्याचं लिखाण तिसऱ्या खर्ड्यापर्यंत जातच नाही, हे कुणी बोलत नाही.

म्हणून साधा हिशेब मांडतो. महिन्याला २० हजार रुपये, दोन वर्षं, एका माणसाला. सोलापुरात एवढ्यात घर थाटात चालणार नाही, पण दुकानातली पाळी सोडता येईल. एका माणसाचे वर्षाला दोन लाख ४० हजार, दहा माणसांचे २४ लाख. वर्षाला सरासरी १२ कोटी नफा कमावणाऱ्या कंपनीला कायद्याने जेवढा पैसा समाजकार्यावर खर्च करावाच लागतो, तेवढीच ही रक्कम. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ तेच सांगतं: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के.

पण या सक्तीच्या, म्हणजे सीएसआरच्या पैशावर हे काम उभं राहील असं मला वाटत नाही. एक तर कंपनीने आपल्या आजूबाजूच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायदा म्हणतो. ऐकायला रास्त आहे. परिणाम असा, की जिथे मोठे कारखाने आणि मुख्य कचेऱ्या आहेत तिथेच पैसा मुरतो, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात. गिरण्या बंद पडलेल्या गावाच्या परिसरात कोण येणार? दुसरं, कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारसा, कला-संस्कृतीचं जतन, पारंपरिक कला आणि हस्तव्यवसाय हे शब्द आहेत. जतन करायची ती जुनी गोष्ट. उद्या लिहायच्या नाटकाला त्या चौकटीत बसवायचं तर सीए आणि नाटककार दोघांना शेजारी बसून कल्पनाशक्ती लढवावी लागेल. आणि तिसरं कारण सगळ्यांत मोठं. एका प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं, अशी नियमांत मुदत आहे. ‘तिलोयपण्णत्ती’चा दुसरा भाग या मुदतीत बसला नसता. कुणीतरी ‘प्रकल्प अपूर्ण’ असा शेरा मारून फाईल बंद केली असती.

तेव्हा हवा आहे तो स्वतःची ठेव असलेला ट्रस्ट. सात टक्के व्याज धरलं तर साडेतीन कोटींच्या ठेवीवर वर्षाला साडेचोवीस लाख येतात. सोलापुरातल्या चार-पाच उद्योजक घराण्यांनी मनात आणलं तर ही रक्कम काही आकाशाला भिडणारी नाही. वालचंद हिराचंदांचं हे गाव. हिराचंद नेमचंदांच्या नावाचं वाचनालय अजून इथे उभं आहे. देण्याची रीत इथल्या व्यापाऱ्यांना शिकवायची गरज नाही, फक्त तिच्यावर अलीकडे फ्लेक्सचं आवरण चढलंय.

आता, कला कुणाची? ट्रस्टच्या बैठकीत हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. शास्त्रीय संगीत, भावगीत, नाटक, कविता हे ठरलेलं असतं. शहराचा पूर्व भाग त्यात नसतो. साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर, विडी घरकुल इथे घरात तेलुगू बोलणारं एक सबंध शहर आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, नवरात्रात बायका फुलांची बतुकम्मा मांडून फेर धरून गातात. ती गाणी पिढ्यांपूर्वी तेलंगणातून इथे आली आणि इथल्या यंत्रमागांच्या खडखडाटात टिकली. त्यांतली किती कुणी टिपून ठेवलीत? ज्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अख्खं शहर रस्त्यावर येतं, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. उर्दू मुशायऱ्याला गर्दी होते ती वेगळ्या गल्लीत. फाउंडेशनचा अर्ज मात्र मराठीत, आणि त्याचा खरा नमुना इंग्रजीत.

याहून अवघड प्रश्न चादरीचा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, मंत्र्यांना भेट द्यायला ती चालते. पण जकार्ड मागावर उमटणारी तिची नक्षी कुणीतरी आधी आलेख कागदावर चौकट चौकट भरून काढलेली असते. त्या माणसाला या शहरात कुणी कलावंत म्हणत नाही. त्याला दोन वर्षं मिळाली, मालकाच्या ऑर्डरची घाई नसलेली, तर तो काय विणेल, हे बघायची मला खरीच उत्सुकता आहे. तीच गोष्ट मोडनिंबच्या संगीतबारीची. महोत्सवात लावणी हवी असते, शिट्ट्याही हव्या असतात. ती गाणाऱ्या बाईला तिच्या अर्जावर ‘शैक्षणिक पात्रता’ आणि ‘दोन प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारस’ हे रकाने भरायला लावले की ती परत येत नाही. दोशी स्वतः उठून लोकांकडे गेले होते. आजच्या विश्वस्तांनीही अर्ज मागवायच्या ऐवजी पूर्व भागात, मोडनिंबला, एखाद्या तांड्यावर जाऊन बसावं आणि माणूस ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत ऐकून घ्यावं.

नेतृत्वाच्या बाबतीत मला अमेरिकेतल्या एका संस्थेचं उदाहरण उपयोगी वाटतं. थ्रीएम कंपनीत हिशेबनीस म्हणून लागून वरपर्यंत चढलेल्या आर्चिबाल्ड बुश यांनी पत्नी एडिथ यांच्यासह १९५३ मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉल इथे बुश फाउंडेशन स्थापन केलं. त्याने आपला मुलूख आखून घेतला: मिनेसोटा, दोन्ही डाकोटा आणि त्याच भूभागातली २३ मूलनिवासी राष्ट्रं. न्यूयॉर्कशी स्पर्धा नाही, जगाचा उद्धार नाही. कलावंतांसाठी १९७६ पासून वेगळ्या पाठ्यवृत्त्या होत्या, नेतृत्वासाठी वेगळ्या. पैसा संस्थेला न देता माणसाला द्यायचा, आणि त्याने स्वतःला कसं घडवायचं ते त्यालाच ठरवू द्यायचं. नेतृत्वाच्या पाठ्यवृत्तीची रक्कम कित्येक वर्षं एक लाख डॉलरपर्यंत होती. एवढं सगळं घेण्यासारखं. पण पुढे कलावंतांची स्वतंत्र योजना बंद झाली आणि व्यक्तींना मदत करायचं काम नेतृत्वाच्या एकाच छत्राखाली आलं. तिथे त्यांची कारणं असतील. आपण इथे ती वाट धरू नये असं माझं मत आहे. एकदा का दोन्ही थैल्या एक झाल्या, की कवीला आपल्या कवितेने समाजात काय बदल होणार हे अर्जात लिहावं लागतं, आणि तो लिहितोही. मग कविता त्या अर्जासारखी होते. सिद्धरामेश्वरांनी वचनंही रचली आणि माणसं जमवून तलावही खोदला, पण प्रत्येकाला सिद्धरामेश्वर होता येत नाही. कलावंताची थैली वेगळी असू द्या, नेत्याची वेगळी.

आणि नेता म्हणजे कोण? भाषणाचे वर्ग लावून तयार होणारा तरुण, असा एक भाबडा समज आहे. ज्या सभागृहात या शिबिरांचे समारोप होतात, त्याच्या नावातले हुतात्मे कोण होते ते आठवावं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मार्शल लॉनंतर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्यांतला कुर्बान हुसेन तर विशीतला मुलगा. ‘गझनफर’ हे वर्तमानपत्र चालवायचा, गिरणी कामगारांना संघटित करायचा. समजा, त्या काळी एखाद्या गिरणीमालकाचं फाउंडेशन असतं आणि त्यात युवा नेतृत्वासाठी पाठ्यवृत्ती असती. ती कुर्बान हुसेनला मिळाली असती का?

या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक विश्वस्ताने स्वतःशी द्यावं, कारण आजही तो तसाच आहे. विडी घरकुलातली एखादी मुलगी कारखान्यातून पान-तंबाखू आणून आईबरोबर दिवसभर विड्या वळते आणि संध्याकाळी वस्तीतल्या बायकांना मजुरीच्या नोंदी आणि भविष्य निर्वाह निधीचे कागद समजावून सांगते. ती आजच नेता आहे. तिला व्यक्तिमत्त्व विकासाची गरज नाही. तिला विड्या वळण्यापासून सुटका देणारं एक वर्ष हवंय, कामगार कायदा शिकायला. आणि ते शिकल्यावर ती ज्यांच्या दारात जाऊन उभी राहील, त्यांतले एक-दोघे देणगीदारांचे व्याही असण्याची शक्यता सोलापूरसारख्या गावात बरीच आहे. हे सहन होणार नसेल तर फाउंडेशनच्या नावातून नेतृत्व हा शब्द काढून टाकलेला बरा. कलेपुरतं काम करा, तेही पुष्कळ आहे.

खासगी पैशावर एक जुना आक्षेप आहे, आणि तो मला मान्य आहे: देणाऱ्याची आवड हीच कसोटी होते. ज्याने पैसे दिले त्याच्या भाच्याची बासरी सगळ्यांत गोड. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात हिशेब द्यावे लागतात, पण तिथे खर्चाचा ताळमेळ दिसतो, निवडीमागचं डोकं दिसत नाही. शिवाय अशा देणगीवर आयकरात सवलत मिळू शकते. म्हणजे त्या पैशात थोडा वाटा सरकारी तिजोरीने सोडलेला असतो, तुमचा-आमचा. तेव्हा कुणाला दिलं, का दिलं आणि निवडणारे कोण होते, हे दरवर्षी जाहीर करावं. निवड करणाऱ्यांत घराण्यातलं कुणी नसावं, निम्मे लोक जिल्ह्याबाहेरचे असावेत, आणि दर तीन वर्षांनी सगळे बदलावेत. दोशींच्या ग्रंथमालेचे संपादक कोल्हापूर आणि विदर्भातले होते, त्याने सोलापूरचं काही बिघडलं नाही.

सोपं उत्तर असंही दिलं जातं, की फाउंडेशनने स्वतःचीच अकादमी काढावी, स्वतःचं नाट्यपथक उभं करावं. याच्या मी पूर्ण विरोधात आहे. शेजारच्या कर्नाटकात हेग्गोडू या लहानशा गावात १९४९ पासून नीनासम आहे. के. व्ही. सुब्बण्णा आणि गावकऱ्यांनी ती वाढवली. ऐंशीच्या दशकात फोर्ड फाउंडेशनने तिच्या एका उपक्रमाला पैसा दिला, तो उपक्रम संपला, पैसाही थांबला, आणि नीनासमची फिरती नाटक मंडळी, तिरुगाट, १९८५ पासून गावोगाव जात राहिली. कारण घर आधी गावाचं होतं, पैसा पाहुणा म्हणून आला. आपल्याकडे इमारत देणगीदाराची, पाटी देणगीदाराची, आणि कलावंत पाहुणा. रंगभवनापासून शाळांच्या रिकाम्या वर्गांपर्यंत या शहरात छपरं पुष्कळ आहेत. नवीन छप्पर बांधण्याऐवजी आहेत त्या जागांचं भाडं भरून सकाळच्या तालमींसाठी त्या खुल्या करून दिल्या तरी बरंच काम होईल.

दहा जणांना दोन वर्षं पैसे दिले तर त्यांतले काही नुसते बसून खातील, हेही खरं. बसू द्यावं. दोन-तीन वाया गेले म्हणून उरलेल्यांच्या मागे दर तीन महिन्यांनी प्रगती अहवालाचा ससेमिरा लावला, तर सगळेच अहवाल लिहिण्यात तरबेज होतील. मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्या सूचनेची, जी प्रत्येक बैठकीत कुणीतरी मांडतंच: पैसे घेतलेल्याने पाच वर्षं सोलापूर सोडायचं नाही, असं लिहून घ्या. अतुल कुलकर्णी इथल्या ‘नाट्य आराधना’ या नाट्यसंस्थेतून राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. नागराज मंजुळे करमाळ्यातल्या जेऊरचे. त्यांच्याकडून असं काही लिहून घेतलं असतं तर काय मिळवलं असतं आपण? जाणारा जाईल. त्याला जावंसं का वाटतं, हे मात्र त्याला जाताना विचारावं आणि त्याचं उत्तर पुढच्या वर्षीच्या निवड समितीपुढे ठेवावं. बहुतेक वेळा त्यात तालमीच्या जागेचा उल्लेख असेल.